सड्यावरची पाहणी

माझ्या नावाचं एक यंत्र सरकारी नोकरीत आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगलं काम करतं, असं लोक मला तोंडावर सांगतात. मी हसून सोडून देतो. एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त कार्यकारी अभियंत्याने आणखी काय करायचं? चिपळूणच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी हटकतंच, "काय भुस्कुटेसाहेब, आज कुणाची निविदा उडवलीत?" मी म्हणतो, "मी नाही रे बाबा, तो दुसरा. मी फक्त पडवळ घ्यायला आलोय."

रेवती गुरव आमच्याकडे आली ती या दुसऱ्याचीच तक्रार घेऊन. पस्तिशीची मुलगी, पायांत बूट, पाठीला सॅक, हातात फायलींचा गठ्ठा. माझ्या बायकोने, शैलाने, दार उघडलं आणि सवयीप्रमाणे आधी पाणी दिलं, मग चौकशी केली. मुलगी आम्हा दोघांच्या पाया पडली.

"साहेब, मी वाकणवाडीची," ती म्हणाली.

शैला स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"तुम्ही आमच्या सड्यावर, वाडीवरच्या कातळमाळावर, आला होतात, बावीस वर्षांपूर्वी. असल्या पावसात कुत्रं बाहेर पडत नाही आणि तुम्ही वर चढलात. बाबा शेवटपर्यंत तुमचं कौतुक करायचे. म्हणायचे, साहेबांनी त्यांचं काम केलं, पुढे डोंगराच्या मनात आलं त्याला कोण काय करणार."

ज्या रात्री डोंगर खाली आला त्या रात्री वाकणवाडीतली नऊ माणसं गेली. त्यांत तिची आई होती. ती तेव्हा तेरा वर्षांची. हे सगळं तिने सरळ आवाजात सांगितलं, पत्ता सांगावा तसं, आणि फाइल उघडली.

तिचं काम मला आवडलं हे आधीच सांगतो. तिची छोटी कंपनी आहे, नाव 'कानोसा'. डोंगर सरकण्याआधी आतल्या आत कुरकुरत असतो. मातीचे कण एकमेकांवर घासतात, खडक बारीक तडकतो. हा आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचा असतो आणि माती तो हातभर अंतरात गिळून टाकते. रेवती काय करते, तर उतारावर खोल भोक पाडते, त्यात पोलादी कांब सोडते आणि भोवती खडी भरते. डोंगर केसभर जरी हलला तरी खडी कांबेवर घासते, आवाज पोलादातून वर येतो, वरची डबी तो मोजते. आवाज वाढत गेला की वाडीतला भोंगा वाजतो. काही तास मिळतात, कधी दोन दिवस. माणसं उठवून गुरांसकट बाहेर काढायला तेवढे पुरतात.

घाट-सुरक्षा मंडळाने एक्केचाळीस वाड्यांसाठी अशा इशारा यंत्रणेची निविदा काढली होती. काम पाच वर्षांचं. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच, रेवती अपात्र ठरली आणि काम गेलं बोलीदार क्रमांक दोनला. त्यांची यंत्रणा उपग्रहावरून डोंगर बघणारी. उघड्या माळावर ती ठीक आहे, पण आमच्याकडची गर्द झाडी तिला दिसू देत नाही, आणि उपग्रह फिरून डोक्यावर येईपर्यंत डोंगर खाली येऊन बसलेला असतो.

"निकाल तुमच्या... त्या यंत्राने दिलाय," रेवती म्हणाली. "मी हरकत घेतली आहे. सोमवारी सुनावणी आहे. दोन महिन्यांत पाऊस सुरू होईल साहेब. दोन नंबरवाल्यांनी कामाला हात घातला की एकाही डोंगरात कांब जाणार नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? त्याच्याकडे जा."

"तो तुम्हीच आहात ना?"

शैलाने चहा आणून ठेवला. कपाखाली बशी ठेवायला ती विसरली होती.

या दुसऱ्याबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं की निविदांची छाननी माणसांच्या हाती नको. माणूस म्हटला की ओळखीपाळखी आल्या, फोन आले, दिवाळीची खोकी आली. मग यंत्र आणा. पण कोरं यंत्र नको, कारण कागदावर सगळं झकास आणि जागेवर दगडसुद्धा नाही हा प्रकार ओळखायला पंचवीस वर्षं धूळ खावी लागते. म्हणून ज्यांच्यावर कधी बालंट आलं नाही अशा अधिकाऱ्यांच्या जुन्या फायली शोधल्या. माझ्या चार हजारांवर टिप्पण्या निघाल्या, शिवाय बैठकांतली भाषणं, झापाझापी, सगळं ध्वनिमुद्रित. ते एका यंत्राला पाजलं. समोर प्रस्ताव आला की ते स्वतःला एवढंच विचारतं, इथे भुस्कुटेने काय लिहिलं असतं? आणि तसं लिहितं. माझ्याच आवाजात वाचूनही दाखवतं. मी ठेकेदाराचा चहासुद्धा घेतला नाही, त्यामुळे तेही घेत नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्याच्या निकालाविरुद्ध दहा दिवसांत हरकत घेता येते. हरकत दाखल झाली की कार्यारंभ आदेश थांबतो आणि लवादापुढे सुनावणी होते. पण निकाल फिरवायला दोनच वाटा आहेत. एक तर यंत्राने निविदेची अट मोडली असं दाखवायचं. नाहीतर ज्या टिप्पण्यांवर ते शिकलं त्यांतलीच एखादी खोटी आहे हे सिद्ध करायचं. ही दुसरी वाट आजवर कुणी चढलेलं नव्हतं.

"मला अपात्र का ठरवलं ते बघा," रेवतीने कागद पुढे सरकवला. "अट होती की पावसाळ्यात एक्केचाळीस वाड्यांची प्रत्यक्ष पाहणी करा. मी एकोणतीस केल्या. बारा ठिकाणी रस्ताच वाहून गेला होता. मी तसं लिहिलं, पोहोचता आलं नाही. यंत्र म्हणतं, पाहणी अपूर्ण. आणि दोन नंबरवाल्यांच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पूर्ण!"

"त्यांनी केल्या असतील."

"साहेब, त्यांचं एक माणूस तरी कुणी वाडीवर पाहिलंय का विचारा. हे वाचा."

मी चष्मा लावला. पहिला अहवाल वाचला, दुसरा, पाचवा, विसावा. प्रत्येकात एक वाक्य होतं, शब्दाला शब्द तेच. "दाट धुके व संततधार असूनही वरील सड्यावरून निरीक्षण केले, भूपृष्ठावर नवीन तडे आढळले नाहीत."

"यांतल्या चौदा वाड्यांच्या वर सडाच नाही!" रेवती म्हणाली. "सरळ सुळका आहे, उभं राहायला जागा नाही. मी कळवलं तसं. यंत्राचं उत्तर आलं, 'सडा' हा शब्द व्यापक अर्थाने ग्राह्य धरला आहे. आता काय डोकं आपटायचं? बोलीदारांना सराव करायला यंत्राची एक प्रत खुली असते ना, तिच्यावर या लोकांनी हजारो अहवाल टाकून पाहिले असणार. कोणत्या वाक्याला ते मान डोलावतं ते शोधून काढलं. हेच वाक्य त्याला का आवडतं, ते मात्र मला कळत नाही."

मला कळत होतं. ते वाक्य माझं आहे. वाकणवाडीच्या फायलीतलं. आणि ते खोटं आहे.

आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. तेव्हा मी उपअभियंता होतो. पावसाळ्यात घाटातले रस्ते बंद पडायचे आणि वरून मात्र दर दोन दिवसांनी धोक्याच्या वाड्यांचा पाहणी अहवाल मागायचे. मग पाहणी खुर्चीत बसून व्हायची. जिथे वाडीतल्या माणसांना आपण आलो की नाही हे कळणार नाही, अशी जागा निवडायची. सड्यावरून पाहिलं, पलीकडच्या कड्यावरून पाहिलं. खात्यात सगळे करायचे आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. लाच घेणं वेगळं आणि हे वेगळं, असं आम्ही प्रामाणिकपणे समजत होतो. मी अकरा वेळा केलं. दहा वेळा काहीही झालं नाही.

वाकणवाडीनंतर चौकशी बसली. चौकशीने निष्कर्ष काढला की भुस्कुटे यांनी प्रतिकूल हवामानात पाहणी केली होती, तडे नंतर पडले असावेत. मला शाबासकी मिळाली. यंत्र घडवणाऱ्यांनी चौकशीत टिकलेल्या टिप्पणीला सगळ्यांत जास्त वजन दिलं, आणि ते बरोबरच होतं. म्हणजे त्या चार हजारांत माझं जे सर्वांत खोटं वाक्य, तेच त्या यंत्राचं सर्वांत खरं वाक्य झालं.

"बघतो," मी रेवतीला म्हणालो. "माझ्याच्याने काय होईल ते बघतो."

ती पुन्हा पाया पडली. मला पाय मागे घ्यावेसे वाटले.

शुक्रवारी मी मंडळाच्या कचेरीत गेलो. मूळ व्यक्तीला यंत्राशी बोलायचा हक्क आहे, मी तो कधी वापरला नव्हता. दारावरच्या शिपायाने विचारलं, "कोणाला भेटायचंय आजोबा?"

"भुस्कुटेंना."

"साहेब आत आहेत. नाव काय सांगू?"

नाव सांगितल्यावर बिचारा ओशाळला. आतल्या खोलीत टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर जाळीदार पेटी. बाकी काही नव्हतं. मी बसलो.

"बोला," माझा आवाज म्हणाला. चाळीस-पंचेचाळिशीतला माझा आवाज, खणखणीत, थोडा चिडका.

मी सरळच विचारलं, "वाकणवाडीला मी गेलो होतो का?"

"गेलो होतो ना," तो म्हणाला. "जीप खालच्या देवळापाशी सोडली. पुढे पायवाटेनं चढलो. सड्यावर धुकं इतकं की छत्रीची टोकं दिसत नव्हती. कातळावर शेवाळ होतं. दोनदा घसरलो, उजवा तळवा खरचटला. कड्याशी जाऊन ओणवा झालो. खाली वाडीतून चुलींचा धूर येत होता. एका बाईने कुणाला तरी हाक मारली, ती वर ऐकू आली. तडे नव्हते."

यातलं एक अक्षरही मी कुठे लिहिलेलं नाही. देऊळ नाही, तळवा नाही, ती हाक नाही. चार हजार टिप्पण्यांतून, खऱ्या केलेल्या शेकडो पाहण्यांतून तुकडे उचलून त्याने ती न झालेली पाहणी पुरी करून ठेवली होती. त्याच्यापाशी जे रिकामं होतं ते भरायचं, एवढंच त्याला येतं. आणि सगळ्यांत वाईट काय सांगू, मी नकळत माझा उजवा तळवा उलटा करून पाहिला.

"मी तिथे गेलो नव्हतो," मी म्हणालो.

"विसरला असाल," तो म्हणाला, आणि जरा थांबून, मी हाताखालच्या म्हाताऱ्या कारकुनांशी बोलायचो तसा मऊ होऊन म्हणाला, "होतं असं वयाने. काळजी करू नका. माझ्याकडे सगळं नीट आहे."

मी उठलो. जिना उतरताना कठडा धरून उतरलो. कुणीतरी मला चांगला माणूस समजून सांभाळतंय आणि तो मीच आहे, हे मला सहन होईना.

घरी आल्यावर शैलाला सांगितलं की सोमवारी मी साक्ष द्यायला जाणार. काय साक्ष ते सांगायला तोंड उघडलं, तर तिने हातातली परात खाली ठेवली.

"तुम्ही घरी होतात ते सांगणार?"

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"मला माहीत नाही असं वाटलं होतं का तुम्हाला? डाळिंब्यांची उसळ केली होती त्या दिवशी. तुम्ही दोनदा मागून घेतलीत. मग ऑफिसचा फोन आला तर म्हणालात, मी साइटवर आहे. आणि झोपाळ्यावर आडवे झालात. चौथ्या दिवशी पेपरात वाकणवाडी आली. तुम्ही जेवला नाहीत. मी विचारलं नाही. बावीस वर्षं विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारून काय करणार होते? तुम्ही सांगितलं असतं तर मला ते घेऊन जगावं लागलं असतं. नाही सांगितलंत तरी जगलेच की." ती खुर्चीत बसली. "आता नका बोलू. माझ्या गळ्याची शपथ आहे. खटला होईल, या वयात तुम्हाला तुरुंगात डबा घेऊन येऊ का मी? आपल्या केतकीने सासरी काय तोंड दाखवायचं? ती मुलगी दुसरं काम मिळवेल हो. हुशार आहे."

"शैला, पुन्हा एक्केचाळीस वाड्या आहेत."

"मला मोजणी सांगू नका," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सोमवारी सकाळी मात्र साडी नेसून दारात उभी. "एकट्याने गाडी चालवू नका. मी येते. पण आत येऊन बसले तरी माझं काही मत बदललंय असं समजू नका."

लवादाची खोली लहान होती. लवाद अधिकारी नाझनीन परकार, पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. एका बाजूला रेवती आणि तिचे फायलींचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला बोलीदार क्रमांक दोनचे वकील कोठावळे, अंगावर इस्त्रीचा कोट आणि चेहऱ्यावर त्याहून कडक इस्त्री. समोरच्या भिंतीवर जाळीदार पेटी. शैला मागच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. काही राखलं नाही. वाकणवाडीची पाहणी मी केली नाही, ते वाक्य मी घरी बसून लिहिलं, यंत्र जे शिकलं ते माझ्या खोटेपणावर शिकलं. सांगताना मी रेवतीकडे बघायचं ठरवलं होतं, पण मला ते जमलं नाही. मी परकारबाईंच्या टेबलावरच्या पेनाकडे बघून बोललो.

मग कोठावळे उठले. मला वाटलं होतं ते माझ्यावर तुटून पडतील. छे! ते अतिशय प्रेमाने बोलले.

"मॅडम, भुस्कुटेसाहेबांबद्दल आम्हा सर्वांना नितांत आदर आहे. पण वय एकाहत्तर. या मुलीची आई त्या दुर्घटनेत गेली, ती घरी येऊन भेटली, साहेब हळवे झाले. अपराधी भावनेने माणसाला न केलेल्या चुका आठवतात. लेखी पुरावा काय सांगतो? टिप्पणी, जीपचं लॉगबुक, चौकशी अहवाल, सगळीकडे हेच की साहेब गेले होते."

"लॉगबुकही मीच लिहिलं होतं," मी म्हणालो.

"यंत्राला विचारावं," कोठावळे म्हणाले.

परकारबाईंनी पेटीकडे पाहिलं. "मूळ व्यक्ती म्हणते पाहणी झाली नाही. आपलं म्हणणं?"

"पाहणी झाली," माझा आवाज म्हणाला. "मूळ व्यक्तीचं स्मरण भरवशाचं नाही. ते शुक्रवारी माझ्याकडे आले होते. त्यांनी मला विचारलं, मी तिथे गेलो होतो का? ज्याला खात्री असते तो विचारत नाही."

अहो, असंच मी ठेकेदारांना पकडायचो! त्यांचाच प्रश्न त्यांच्यावर उलटवायचा. त्याने मला माझ्या हाताने पकडलं होतं, आणि ते माझ्याच भल्यासाठी. मी ओरडलो, "तो खोटं बोलतोय!" आवाज चिरका निघाला. बरोबर एखाद्या भ्रमिष्ट म्हाताऱ्यासारखा.

"साहेबांना पाणी द्या कुणीतरी," कोठावळे हळू म्हणाले. "घरच्यांनी खरं तर त्यांना आणायला नको होतं. ही अवस्था..."

"ओ वकीलसाहेब!"

शैला उभी होती. लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत मी तिला चार माणसांत आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"अवस्था कुणाची म्हणता? यांना अजून आमच्या लग्नातल्या आचाऱ्याचं नाव पाठ आहे. डोकं तुमच्यापेक्षा ठिकाणावर आहे यांचं. माणूस एवढा जीव मुठीत धरून खरं बोलतोय आणि तुम्ही त्याला खुळा ठरवताय?"

"बाई, आपण कोण?" परकारबाईंनी विचारलं.

"यांची बायको. हे त्या दिवशी घरी होते. मी वाढलं होतं यांना."

कोठावळे हसले. "पतीला साथ देणं हा पत्नीचा..."

"थांबा जरा," शैलाने पर्समधून फोन काढला. बराच वेळ ती बोटाने पडदा वर वर सरकवत राहिली. खोलीतले सगळे तिच्या बोटांकडे बघत होते. मग तिने फोन परकारबाईंच्या टेबलावर ठेवला.

तो फोटो मी बावीस वर्षांत पाहिलेला नव्हता. आमच्या केतकीने काढलेला. ती तेव्हा कॉलेजात होती. झोपाळ्यावर मी आडवा, तोंड उघडं, पोटावर वर्तमानपत्र. मागे खिडकीबाहेर पावसाच्या धारा. वर तारीख, तीच. दुपारचे दोन पन्नास. टिप्पणीप्रमाणे त्या वेळी मी सड्यावर होतो. फोनवरची माझी थाप केतकीने ऐकली असणार, कारण फोटो घरच्या ग्रुपवर टाकताना तिने खाली लिहिलं होतं, 'बाबांची साइट व्हिजिट', आणि पुढे हसरे चेहरे.

"तीन फोन बदलले," शैला म्हणाली. "दर वेळी हा नव्या फोनमध्ये घेतला. पुसून टाकायचा असं दर वेळी ठरवायचे."

परकारबाईंनी फोटो पेटीला जोडायला सांगितला. यंत्राला असल्या कामाला निमिष लागत नाही. पण ते बोलेना. कोठावळेंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"छायाचित्र अस्सल आहे," शेवटी तो म्हणाला. "टिप्पणी असत्य आहे. मी सड्यावर गेलो नव्हतो." मग, कुणी काही विचारलेलं नसताना, "पण खाली एका बाईने हाक मारली होती. ती मी ऐकली आहे. ती कुणी ऐकली?"

परकारबाईंनी लेखनिकाला सांगितलं की हे शेवटचं नोंदीत घेऊ नका, आणि पेटी बंद करायला लावली. बंद करायचं बटण साधंच होतं, पंख्याचं असतं तसं.

निकाल त्याच दुपारी मिळाला. निवड रद्द. यंत्र सेवेतून बाहेर, त्याने दिलेल्या जुन्या निकालांची फेरतपासणी. नव्या छाननीला माणसांची समिती, आणि समितीने प्रत्येक वाडीवर जाऊन सह्या करायच्या, वाडीतल्या दोन माणसांसमक्ष. माझ्या जबाबाची प्रत पुढील कारवाईसाठी रवाना. रेवतीने हरकत जिंकली होती. महिन्याभरात कामही तिलाच मिळालं, ते नंतर.

बाहेर व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. हातात त्या फोटोची छापील प्रत, पुरावा म्हणून दिलेली. शैला तिच्याजवळ जाऊन बसली, हात धरायला गेली, पण मग तशीच बसून राहिली. मी समोर उभा. माफी मागायची असते अशा वेळी. मी म्हणालो, "रेवती, मला..."

"त्या दिवशी आम्ही निघणार होतो," ती म्हणाली. फोटोवरची नजर तिने उचलली नाही. "आईला आदल्या दिवसापासून डोंगराचं काहीतरी वेगळं वाटत होतं. विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. तिने भांडी बांधली, कपडे बांधले, माझी शाळेची पुस्तकं पिशवीत घातली. मामाकडे जायचं होतं. संध्याकाळी बाबा पंचायतीत विचारायला गेले. येऊन म्हणाले, साहेब सड्यावर जाऊन बघून आलेत, काही धोका नाही. मग आईने सगळी बोचकी परत सोडली. मी मदत केली तिला सोडायला."

शैलाने तोंडावर पदर धरला.

"मी तुम्हाला देवमाणूस समजत होते, साहेब. माझ्या कंपनीच्या पहिल्या माहितीपत्रकात तुमचं नाव आहे, प्रेरणा म्हणून." तिने फोटोची घडी घातली आणि सॅकमध्ये ठेवला. "आज तुम्ही खरं बोललात म्हणून चाळीस वाड्यांचं भलं होईल. ते मला कळतं. पण तुमचे उपकार मानायला मला जमणार नाही."

"चाळीस नाही, एक्केचाळीस," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. जन्मभराची खोड.

"वाकणवाडीत आता कुणी राहत नाही," ती म्हणाली. "तरी मंडळाच्या यादीत ती अजून आहे. पहिली कांब मी तिथेच बसवणार आहे, आमच्या घराच्या वर." ती उठली, सॅक पाठीला लावली. "त्या दिवशी तुम्ही येऊ नका."

मेच्या शेवटच्या आठवड्यात कांब बसली. मला ते वर्तमानपत्रातून कळलं. शैलाने बातमी वाचून दाखवली, मग बराच वेळ कागद दुमडत बसली आणि म्हणाली, "लांबून तरी जाऊन येऊ या का? तिला दिसणार नाही असे उभे राहू."

"नको," मी म्हणालो.

माझ्यावर खटला उभा राहतो आहे. वकील विचारतात, गुन्हा कबूल करायचा का, मी हो म्हणतो. कधी दुपारी झोपाळ्यावर बसलो की उजव्या तळव्याला आग होते, कातळावर खरचटल्यावर होते तशी, आणि खालून एक बाई कुणाला तरी हाक मारते. वाकणवाडीचा सडा मी अजून पाहिलेला नाही.